नदीतलं मायक्रोप्लास्टिक: मोजणी, अभ्यास आणि आरोग्य – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन प्रकारच्या लोकांकडून येतात. एक, नदीवर प्रकल्प करायला निघालेले विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक. दुसरे, बातम्या वाचून धास्तावलेले वाचक. दोघांची उत्तरं एकाच ठिकाणी दिली आहेत, कारण आरोग्याच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की गाडी शेवटी "पण हे मोजलं कसं?" इथेच येऊन थांबते.

मायक्रोप्लास्टिक म्हणजे नेमकं केवढं?

५ मिलिमीटरपेक्षा लहान असा प्लास्टिकचा कोणताही कण. खालची हद्द बहुतेक जण १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) धरतात आणि त्याहून बारीक असेल ते नॅनोप्लास्टिक. म्हणजे एकाच नावाखाली येणाऱ्या कणांच्या आकारात पाच हजार पटींचा फरक आहे. वरच्या टोकाचा तुकडा चिमटीत धरता येतो. खालच्या टोकाचा कण साध्या सूक्ष्मदर्शकालाही नीट दिसत नाही. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये 'सायन्स'मध्ये शोधनिबंध लिहिला, तेव्हापासून हे नाव रूढ झालं.

समुद्राचं ठीक आहे, पण नदीचा वेगळा अभ्यास कशाला?

कारण समुद्रातलं बरंचसं प्लास्टिक नदीवाटेच जातं. शिवाय पिण्याचं पाणी, शेतीचं पाणी आणि सांडपाणी या तिन्हींचा संबंध नदीशी येतो. समुद्राशी येत नाही.

किती जातं, याचे अंदाज मात्र जपून वापरा. २०१७ मधल्या एका अभ्यासाने वर्षाला साडेअकरा लाख ते चोवीस लाख टन असा अंदाज दिला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने म्हटलं की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के फक्त १० नद्यांतून जातं. 'दहा नद्यांचा' हा आकडा आजही भाषणांत हमखास ऐकू येतो. २०२१ मध्ये नवं प्रारूप आलं आणि चित्र पालटलं: ८० टक्क्यांचा हिशेब लागायला हजाराहून अधिक नद्या धराव्या लागल्या आणि त्यांत शहरातून वाहणाऱ्या कितीतरी लहान नद्या निघाल्या. हे अंदाज नुसत्या सूक्ष्म कणांचे नाहीत, २०२१ चा तर मोठ्या कचऱ्याचाच आहे. पण मोठा कचरा म्हणजे उद्याचं मायक्रोप्लास्टिक.

नदीत हे कण येतात कुठून?

बरेचसे आधीच्या मोठ्या वस्तूंचे अवशेष असतात. पिशवी, दोरी, बाटली काठावर उन्हात पडून राहते, अतिनील किरणांनी ठिसूळ होते आणि पाण्याच्या घासण्याने तिचा भुगा होतो. पाण्याखाली, अंधारात आणि गारव्यात हीच क्रिया फार सावकाश चालते. म्हणून काठावरचा कचरा वेळेत उचलणं हे तळातला उपसण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

दुसरा मोठा स्रोत कपडे. २०१६ च्या एका प्रयोगात ६ किलो अ‍ॅक्रिलिक कापडाच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात असा अंदाज निघाला. हे तंतू सांडपाण्यातून प्रक्रिया केंद्रात जातात. चांगलं चालणारं केंद्र बहुतेक कण, अनेकदा ९० टक्क्यांच्या वर, पाण्यातून काढतं. पण काढतं म्हणजे नाहीसे करत नाही. ते गाळात बसतात. तो गाळ खत म्हणून शेतात टाकला की पावसाबरोबर त्यातले काही पुन्हा ओढ्यात उतरतात. केंद्राच्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना घेऊन "केंद्र उत्तम" असा शेरा मारणारे अहवाल मला म्हणूनच अर्धे वाटतात.

याशिवाय कारखान्यांतून सांडणारे प्लास्टिकचे कच्चे दाणे, रंगांचे पापुद्रे आणि सौंदर्यप्रसाधनांतले मणी. मण्यांवर अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा केला, तर युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळलेल्या सर्वच सूक्ष्म कणांवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आणले. टायरचा मुद्दा मोठा आहे, त्याला खाली वेगळी जागा दिली आहे.

पाणी वाहतं आहे, मग कणही वाहून जात नाहीत का?

काही जातात, पण बरेच थांबतात. हलकं प्लास्टिक तरंगतं हे पुस्तकात खरं असतं. नदीत त्या कणावर काही दिवसांत शेवाळ आणि जिवाणूंचा थर चढतो, मातीचे कण चिकटतात, तो जड होतो आणि तळाशी बसतो. पीईटी (बाटल्यांचं प्लास्टिक) आणि पीव्हीसी (पाइपांचं) तर मुळातच पाण्यापेक्षा जड. शिवाय नदीचं थोडं पाणी तळाच्या वाळूतून आतबाहेर करत असतं. त्याच्यासोबत बारीक कण वाळूत शिरून अडकतात.

मग पूर येतो. वायव्य इंग्लंडमधल्या मर्सी आणि अर्वेल नद्यांच्या खोऱ्यात ४० ठिकाणच्या तळाचा गाळ २०१५-१६ च्या हिवाळी पुरांच्या आधी आणि नंतर तपासला गेला. पुराने तळात साठलेलं सुमारे ७० टक्के मायक्रोप्लास्टिक धुऊन नेलं होतं. त्याच अभ्यासात टेम नदीच्या एका जागी पुराआधी दर चौरस मीटरला पाच लाखांहून अधिक कण आढळले होते. हा निबंध २०१८ मध्ये आला आणि नदीच्या अभ्यासकांची सवय बदलली: नुसतं पृष्ठभागाचं पाणी घेऊन नदीचा हिशेब लागत नाही, तळ पाहावा लागतो आणि पुराच्या आधी-नंतर पाहावा लागतो.

नमुना घ्यायचा कसा?

तीन रस्ते आहेत. जाळी ओढणे, पंपाने पाणी उपसून चाळण्यांतून गाळणे आणि तळाचा गाळ काढणे.

जाळी बहुधा ३०० किंवा ३३३ मायक्रॉनची असते. पुलावरून किंवा होडीवरून तिचं तोंड प्रवाहाकडे करून धरतात. इथे सर्वात जास्त गोंधळ होतो तो किती पाणी गाळलं याच्या हिशेबात. समजा जाळीचं तोंड ६० सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर उंच आहे आणि ते पूर्ण बुडालेलं आहे. प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर आहे. दहा मिनिटांत ०.६ × ०.२ × ०.५ × ६०० म्हणजे ३६ घनमीटर पाणी जाळीतून गेलं. तोंड निम्मंच बुडालं असेल तर १८. वाटेत जाळी पानांनी आणि शेवाळाने तुंबली तर त्याहूनही कमी. म्हणून प्रवाहमापक जाळीच्या तोंडातच बांधतात. काठावर उभं राहून पान सोडून काढलेला वेग या कामाला चालत नाही.

पंपाचा फायदा असा की २० किंवा ५० मायक्रॉनपर्यंत खाली जाता येतं. तोटा असा की पाणी थोडंच गाळलं जातं, त्यामुळे विरळ असलेले मोठे कण हुकतात. गाळासाठी काचेचं किंवा स्टीलचं साहित्य वापरा आणि एका ठिकाणाहून किमान तीन नमुने घ्या. दोन पावलांच्या अंतरावर आकडे दुप्पट-तिप्पट बदलताना दिसतात.

एका अहवालात घनमीटरला पाच-दहा कण, दुसऱ्यात हजारो. कुणाचं खरं?

बहुधा दोघांचं.

१ मिलिमीटरचा एक गोळा घ्या. तो १०० मायक्रॉनच्या तुकड्यांत फुटला तर तुकडे हजार होतील. १० मायक्रॉनच्या तुकड्यांत फुटला तर दहा लाख. वजन तेवढंच, कणांची संख्या मात्र दहा लाख पट. आता ज्याची जाळी ३०० मायक्रॉनची, त्याला यातलं काहीच सापडणार नाही. ज्याची चाळणी २० मायक्रॉनची, त्याला पहिल्या प्रकारचे हजार सापडतील. तंतूंचं आणखीच वेगळं. लांबी दोन मिलिमीटर असली तरी जाडी १०-२० मायक्रॉन, त्यामुळे तो जाळीतून आडवा अडकतो किंवा उभा निसटतो.

त्यातून एककांचा घोळ. स्वित्झर्लंडपासून नेदरलँड्सपर्यंत ऱ्हाइन नदीच्या पृष्ठभागाचा २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला सरासरी आकडा दर चौरस किलोमीटरला ८,९२,७७७ कण असा होता. ऐकायला भयंकर. त्याला १०,००,००० ने भागलं की चौरस मीटरला एकाहूनही कमी. दोन्ही वाक्यं एकाच मोजणीची. चौरस किलोमीटर, घनमीटर, लिटर आणि किलोभर कोरडा गाळ, हे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडलेले दिसले की तो तक्ता बाजूला ठेवावा.

प्रयोगशाळेत पुढे काय होतं?

आधी सेंद्रिय भाग रसायनाने जाळायचा. ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. लोहाचं द्रावण मिसळलं तर काम लवकर होतं, पण मिश्रण स्वतःच तापतं, फसफसून उतू जातं, म्हणून भांडं बर्फात ठेवायची तयारी असावी. काळपट, चिकट लगदा हळूहळू फिकट पिवळा होतो आणि पानांच्या शिरा, किड्यांचे पंख विरत जातात. तीव्र नायट्रिक आम्ल वापरू नका. त्यात नायलॉनही विरघळतं आणि मग नदीत नायलॉन नाही असा निष्कर्ष निघतो.

मग घनतेने वेगळं करणं. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलिन, पॉलिस्टायरिन आणि नायलॉन त्यावर तरंगतात. पीईटीची घनता १.३८, ते खालीच राहतं. पॉलिस्टरच्या कपड्यांचे तंतू पीईटीचेच, म्हणजे धुण्यातून आलेला मोठा हिस्सा मिठाच्या पाण्यात निसटतो. झिंक क्लोराइडने १.५ ते १.७ पर्यंत जाता येतं, पण ते दाहक आणि जलचरांना विषारी आहे. वापरून झालं की गाळून पुन्हा वापरायचं, मोरीत ओतायचं नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं पाहून प्लास्टिक ओळखता येतं का?

मोठे कण, बऱ्यापैकी. तंतू असेल तर जाडी सगळीकडे सारखी आहे का, आत पेशींच्या भिंती दिसतात का, हे पाहायचं. कापसाचा तंतू चपटा आणि मधूनमधून पीळ पडलेला असतो, पॉलिस्टरचा गुळगुळीत नळीसारखा. तापवलेली सुई जवळ नेली की बरंचसं प्लास्टिक आक्रसतं किंवा वितळून चिकटतं, कापूस आणि गवत तसं करत नाही.

पण शंभर-दोनशे मायक्रॉनच्या खाली डोळ्यांवर विसंबू नये. समुद्राच्या पाण्यातल्या तंतूंच्या २०२० मधल्या एका मोठ्या तपासणीत कृत्रिम निघाले फक्त ८.२ टक्के. उरलेले कापसासारखे वनस्पतीजन्य आणि लोकरीसारखे प्राणिजन्य. निळा रंग दिला की कापूसही प्लास्टिकसारखा दिसतो.

पक्की ओळख दोन प्रकारे होते: कण कोणते अवरक्त किरण शोषतो ते पाहणाऱ्या एफटीआयआर यंत्राने (१०-२० मायक्रॉनपर्यंत) किंवा कणावर लेसर सोडून विखुरलेला प्रकाश तपासणाऱ्या रामन वर्णपटाने (१ मायक्रॉनपर्यंत). तिसरी पद्धत म्हणजे नमुना उच्च तापमानाला तोडून निघालेल्या वायूंवरून वजन काढणं. हिच्यात कण किती ते कळत नाही, कोणतं प्लास्टिक किती ग्रॅम ते कळतं.

आमच्याकडे यातलं एकही यंत्र नाही. मग प्रकल्प सोडून द्यावा?

मुळीच नाही. आकाराची खालची हद्द वर घ्या. ५०० मायक्रॉन ते ५ मिलिमीटर एवढंच मोजू असं ठरवलं तर चांगली चाळणी, पेरॉक्साइड, मीठ, सूक्ष्मदर्शक आणि सुई यांवर प्रामाणिक काम होतं. नाइल रेड हा रंग प्लास्टिकला धरतो आणि निळ्या प्रकाशात, नारिंगी गाळणीतून पाहिलं की कण चमकतात. मात्र तो मेदालाही धरतो, म्हणून पेरॉक्साइडची पायरी वगळून हे केलं तर सगळाच नमुना चमकेल. काही कण मोठ्या संस्थेकडून तपासून घेता आले तर आपल्या ओळखीतली चूक किती टक्के, हेही लिहिता येतं.

'कोरा नमुना' कशासाठी?

गाळलेलं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि त्याच्यावर नदीच्या नमुन्यावर केले तेच सगळे सोपस्कार त्याच खोलीत करायचे. त्यात जे तंतू सापडतील ते तुमच्या कपड्यांचे, पंख्याच्या वाऱ्याचे, बाटलीच्या झाकणाचे. नदीच्या आकड्यातून त्यांचा हिशेब वळता करायचा. अंगात सुती कपडे, शक्यतो एखाद्या भडक रंगाचे, म्हणजे आपला तंतू लगेच ओळखू येतो. हातमोज्यांवर स्टीअरेट या साबणासारख्या पदार्थाचा लेप असतो, त्याचे कण यंत्राला पॉलिथिनसारखे वाटू शकतात. कोऱ्या नमुन्याचा उल्लेखच नसलेला अहवाल मी पुढे वाचत नाही.

टायरचं काय?

रस्त्यावर झिजणाऱ्या टायरचा भुगा पावसाच्या पहिल्या सरीबरोबर गटारातून थेट नदीत येतो. तरीही अनेक अभ्यासांत तो शून्य दाखवलेला असतो, कारण त्यातलं काळं कार्बन अवरक्त किरण शोषून घेतं आणि एफटीआयआरला तो ओळखताच येत नाही.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालायला ओढ्यांत चढायचे आणि पाऊस पडला की मरायचे. कारण बरीच वर्षं सापडत नव्हतं. २०२० च्या अखेरीस ते लागलं: टायर तडकू नये म्हणून घालतात त्या ६पीपीडी या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन तयार होणारं ६पीपीडी-क्विनोन. नदीतल्या प्लास्टिक-रबराच्या प्रदूषणाचा थेट, सिद्ध झालेला जीवघेणा परिणाम कुणी विचारला तर मी आधी हेच उदाहरण देतो. मारलं ते कणाने नव्हे, त्यातून झिरपलेल्या रसायनाने, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माणूस दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो, हे खरं का?

नाही म्हणायला हरकत नाही. मूळ अभ्यासातला अंदाज आठवड्याला ०.१ ते ५ ग्रॅम असा होता. बातमीत वरचं टोक तेवढं उरलं. २०२१ मध्ये कणांचे आकार नीट धरून केलेल्या हिशेबात प्रौढ माणसाचं प्रमाण दिवसाला सुमारे ८८३ कण आणि ५८३ नॅनोग्रॅम निघालं, म्हणजे आठवड्याला सुमारे चार मायक्रोग्रॅम. पाच ग्रॅमच्या तुलनेत हे दहा लाख पटींनी कमी आहे. हाही अंदाजच, आणि सगळे अन्नपदार्थ त्यात नाहीत. पण दोहोंतलं अंतर पाहा.

रक्तात, मेंदूत सापडलं म्हणतात. म्हणजे आजार होणारच?

सापडणं आणि अपाय होणं यांच्यामध्ये बरंच काम बाकी आहे. २०२१ मध्ये इटलीत ६ पैकी ४ बाळंतिणींच्या वारेत (प्लॅसेंटात) कण आढळले. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ पैकी १७ रक्तदात्यांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं. नमुने किती लहान आहेत बघा.

सर्वात वजनदार पुरावा २०२४ मधला, इटलीतलाच. मानेच्या रोहिणीतला मेदाचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा सुमारे ३४ महिने पाठपुरावा झाला. १५० जणांच्या थरात पॉलिथिन होतं. त्यांच्यापैकी २० टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडलं. ज्यांच्यात प्लास्टिक आढळलं नाही त्यांच्यात ७.५ टक्क्यांना. फरक मोठा आहे. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्यांच्या शरीरात प्लास्टिक जास्त, त्यांचं खाणं, राहणं आणि हवा वेगळी असू शकते.

मेंदूबद्दलचा २०२५ चा अभ्यास खूप गाजला. तो तापवून वजन काढण्याच्या पद्धतीवर उभा आहे. मेंदूत मेद भरपूर, आणि मेद तापवल्यावर निघणारे काही घटक पॉलिथिनच्या घटकांसारखेच असतात. त्यामुळे आकडा फुगला असावा, असा आक्षेप जाणकारांनी घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्याबद्दल आणि २०२२ मध्ये अन्न व हवेबद्दल अहवाल दिले. दोन्हींचा सूर असा की धोका ठरवायला पुरावा तोकडा आहे, पण प्रदूषण कमी करायला थांबण्याचं कारण नाही. मला तो पटतो.

मग भीती बाळगण्यासारखं नक्की काय आहे?

श्वासावाटे जाणारे तंतू. नायलॉनचा बारीक भुगा उडणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना फुप्फुसाचा विशिष्ट आजार होतो, हे १९९० च्या दशकातच नोंदवलं गेलं. ते प्रमाण नदीकाठच्या माणसाच्या वाट्याला येत नाही, पण अपाय होऊ शकतो याबद्दल तिथे वाद नाही.

गिळलेल्या कणांत १५० मायक्रॉनहून मोठे कण आतड्यातून रक्तात जाण्याची शक्यता फार कमी, ते बाहेर पडतात. चिंता आहे ती १० मायक्रॉनच्या आतल्यांची, आणि नदीच्या बहुतेक मोजण्या ३०० च्या वरच्या. ज्या आकाराची काळजी वाटते तोच मोजलेला नसतो.

प्लास्टिकमधल्या रसायनांचं काय?

बिस्फेनॉल ए आणि थॅलेट हे संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, हा पुरावा कणांपेक्षा जुना आणि भक्कम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बिस्फेनॉल ए ची रोजची सहनमर्यादा आधीच्या वीस हजाराव्या हिश्श्यावर आणली. पण ही रसायनं शरीरात मुख्यतः अन्नाच्या वेष्टनांतून आणि डब्यांतून येतात, नदीतल्या कणांतून येणारा वाटा त्यामानाने लहान.

नदीतले मासे खावेत का?

कण प्रामुख्याने माशाच्या आतड्यात असतात आणि ती काढूनच मासा शिजवला जातो. अख्खे खाल्ले जाणारे लहान मासे आणि शिंपले यांतून जास्त कण पोटात जातात. पण नदी सांडपाण्याने बरबटलेली असेल तर पारा, शिसं आणि जंतू यांचा विचार प्लास्टिकच्या आधी करा.

पाणी उकळून, गाळून किंवा बाटलीचं प्यायलं तर?

गोठण (बारीक कणांचे पुंजके करून ते खाली बसवणं) आणि वाळूची गाळणी असलेलं नेहमीचं जलशुद्धीकरण बहुतेक कण काढतं. उकळण्यावर २०२४ मध्ये प्रयोग झाला. जड म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी उकळल्यावर जो चुना बसतो, त्यात कण अडकतात. नंतर ते गाळलं तर ९० टक्क्यांपर्यंत कण कमी होतात. मऊ पाण्यात ही घट पंचवीस टक्क्यांच्या आसपास. बाटलीने सुटका नाही. त्याच वर्षीच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात बाटलीबंद पाण्यात लिटरला सरासरी २,४०,००० कण मोजले गेले, त्यांतले ९० टक्के नॅनो.

सुरक्षित मर्यादा किती कण?

अशी आरोग्यावर आधारलेली, सर्वमान्य मर्यादा ठरलेली नाही. त्यामुळे "मर्यादेच्या दहापट" अशी बातमी दिसली की मर्यादा कुणाची, हे आधी विचारा.

नदीतून हे काढून टाकता येईल का?

मोठा कचरा अडवता येतो. सूक्ष्म कण वाहत्या नदीतून काढायचे म्हणजे त्यांच्याच आकाराचं प्लवक, अंडी आणि पिलंही काढायची. ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या २०१४ च्या अभ्यासात जाळीत माशांच्या पिलांपेक्षा प्लास्टिकचे तुकडे जास्त आले होते, पण पिलंही आलीच. उपाय उगमाशीच: धुण्याच्या यंत्राला गाळणी, पावसाच्या पाण्यासाठी साठवण तळी, दाणे सांडू न देणं.

एका वर्षाच्या प्रकल्पासाठी कोणता प्रश्न घ्यावा?

"आमच्या नदीत मायक्रोप्लास्टिक आहे का?" हा घेऊ नका. असतंच. तुलना होईल असा प्रश्न घ्या: नाला मिळतो त्याच्या वर आणि खाली किती, पहिल्या पावसाआधी आणि नंतर किती, वळणाच्या आतल्या काठाच्या गाळात आणि बाहेरच्या काठाच्या गाळात किती. जाळी, खोली आणि माणसं तीच ठेवा. नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे चाळणीचा आकार, गाळलेलं पाणी घनमीटरमध्ये, प्रवाहाचा वेग, मागच्या तीन दिवसांचा पाऊस, कोऱ्या नमुन्यातले कण आणि किती कणांची यंत्राने खातरजमा झाली, एवढं लिहा. कणांचे आकार एकेक करून मोजून ठेवा, नुसती बेरीज नको. आकार नोंदलेले असतील तर पुढे कुणी वेगळी चाळणी वापरली तरी त्याला तुमचे आकडे जुळवून पाहता येतात.